जबान आणि पावती

माजलगावात माझ्या तीन खोल्या भाड्यानं दिलेल्या आहेत. बदलून आलेले शिक्षक, बँकेतले कारकून राहतात. बदली झाली की जातात. अब्बा म्हणायचे, "जबान हीच पावती." मीही तसंच चालवलं.

एका भाडेकरूनं चार महिने भाडं थकवलं. विचारलं तर म्हणाला, "ते अनामतीतून वळतं करायचं ठरलं होतं ना!" तसं ठरलं नव्हतं; पण माझ्याकडे कागद कुठं होता? रागाच्या भरात त्याचं पाणी बंद करायला निघालो. बायको आडवी आली. म्हणाली, "घरात तान्हं लेकरू आहे त्यांच्या."

पुढे वकिलांकडून कळलं, कायदाही तेच सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. सबळ कारणाशिवाय मालकाला पाणी, वीज तोडता येत नाही. भाडं घेतलं की पावती द्यावीच लागते. कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात; ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करायचं. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे.

शेवटी दोन महिन्यांचं भाडं मी सोडलं. आता करार नोंदवतो, पहिल्याच दिवशी विजेच्या मीटरचा आकडा दोघांच्या सहीनं लिहून ठेवतो.

परवा नव्या भाडेकरूला पहिली पावती दिली. तो ती उलटून पालटून पाहत म्हणाला, "चाचा, आजवर अशी कुणी दिलीच नव्हती."