बांगड्या मोडण्याआधी...

मुलीचा इंजिनिअरिंगला नंबर लागला की घरात आधी पेढे येतात आणि मग फीची चिंता. आमच्या जाऊबाईंकडेही तेच झालं. फीचा आकडा ऐकून मोठे भाऊजी म्हणाले, "राहू दे, इथंच बीए करेल." जाऊबाईंनी काही न बोलता हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या. मी म्हटलं, "थांबा हो! सोनं सगळ्यात शेवटी. परत न करायचा पैसा कुठं मिळतो, ते आधी बघू."

मैत्रिणींनो, हा क्रम लक्षात ठेवा. आधी फीमाफी, मग शिष्यवृत्ती, आणि उरलेल्या रकमेपुरतंच कर्ज.

राज्य सरकारनं २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. आधी ही सवलत निम्मीच होती. अट अशी, की घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारी 'कॅप' फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतलात तर ही सवलत गेलीच म्हणून समजा. अर्ज 'महाडीबीटी'वर करायचा. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या शिष्यवृत्त्या वेगळ्या आहेत, त्यांचे अर्जही तिथंच भरतात.

डिग्री-डिप्लोमाच्या मुलींसाठी एआयसीटीईची 'प्रगती' शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ५० हजार रुपये, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. निवड गुणांवर होते. ती घेतली तर दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेता येत नाही. तेव्हा कशात जास्त फायदा, तो हिशेब आधी करा.

आमच्या पोरीची फी माफ झाली, पण हॉस्टेल आणि मेसचा खर्च उरलाच. त्यासाठी आम्ही शैक्षणिक कर्जाची चौकशी केली. एका बँकेतल्या साहेबांनी थेट शेताचा सातबारा मागितला! खरं तर साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्र सरकारची हमी योजना आहे, त्यात तारण लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असले की झालं. जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "तारण लागतं, असं लिहून द्या." साहेबांनी अर्ज ठेवून घेतला.

परतफेड साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षानं सुरू होते. व्याज मात्र आधीपासूनच चढत असतं, हे विसरू नका. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कॉलेज व अभ्यासक्रम नियमात बसत असेल, तर त्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. बँकेत हे आवर्जून विचारा.

मोडलेलं सोनं पुन्हा होता होत नाही. कर्जाचा हप्ता मात्र लेक कमावती झाली की स्वतः भरू शकते. शिवाय अडीअडचणीला सोनं घरात असतंच.

निकालानंतर दाखल्यांसाठी ही झुंबड उडते. म्हणून तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र, यातलं जे लागू असेल ते एप्रिल-मेमध्येच मार्गी लावा. लेकीच्या नावचं बँक खातं आधारशी जोडून घ्या. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढून एका फाईलमध्ये ठेवा. आणि ही फाईल घरात दुसऱ्या कुणाकडे नको, तुमच्याच हाताशी असू द्या.