पट्ट्याचा क्लच आणि जुना विडर

स्मरणिकेत यंत्राच्या पट्ट्यावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांना पडेल. परंतु आपल्यापैकी पुष्कळांची गावाकडे थोडीफार जमीन आहे आणि भावकीत मिळून एखादा जुना पॉवर विडर घेतलेला असतो. तो पावसाच्या तोंडावर अडून बसला की मुंबईहून पैसे पाठवावे लागतात. आम्हीही ते पाठविण्याच्या बेतात होतो.

आमच्या रत्नागिरीकडील विडरचे इंजिन जोरात चाले, पाती मात्र जमिनीला टेकली की थांबत. कारागिराने गिअरबॉक्स उघडावा लागेल म्हणून मोठा आकडा सांगितला. आमचे वडील लालबागच्या खोलीत फोनवरचे बोलणे ऐकत होते. गिरणीच्या साचेखात्यात त्यांची हयात गेली. ते म्हणाले, "अरे, आधी पट्टा बघितला का?"

आम्ही कला शाखेचे पदवीधर, त्यामुळे त्यांनी मुळापासून समजावले. जुन्या साच्याला शेजारी शेजारी दोन पुल्या असत, एक दांड्याला पक्की व एक मोकळी. पट्टा मोकळीवर सरकवला की वरचा दांडा फिरत असूनही साचा थांबे. विडरमध्ये हेच काम सैल पट्ट्यावर होते. मुठीजवळचा दांडा दाबला की केबल एक छोटी पुली ओढते, ती पट्ट्याला दाबून ताणते आणि पाती फिरू लागतात. दांडा सोडला की पट्टा सैल. (गिअरवर चालणाऱ्या विडरला हे लागू नाही.)

म्हणून सुट्टीत गावी गेलो तेव्हा प्रथम इंजिन बंद करून प्लगची टोपी काढली. हे विसरू नये. दांडा दाबून पाहिला तर ताणाची स्प्रिंग हलतच नव्हती. केबल वापराने लांबलेली! ती नटावर आवळली, तरी पट्टा घसरे. त्याच्या कडा काचेसारख्या चकाकत होत्या. व्ही पट्टा कडांनी पकड घेतो, तळाने नव्हे. झिजून तो खाचेच्या तळाला टेकला की कितीही ताणा, घसरणारच. पिठाच्या गिरणीतल्या चपट्या पट्ट्याला राळ लावतात, ती येथे लावू नये. पट्ट्यावर तेल दिसले तर इंजिनाचे सील आधी बदलावे, नाहीतर नवा पट्टाही वाया जाईल.

नवा पट्टा नागदेवी स्ट्रीटवरून आणला. जुन्यावरचा क्रमांक पुसला होता. 'ए' जातीचा पट्टा वर १३ मिलिमीटर रुंद असतो, 'बी' जातीचा १७. पुढचा आकडा आतल्या लांबीचा, इंचांत. म्हणजे 'ए-३६' हा आतून ३६ इंच. जुना पट्टा ताणलेला असतो, त्याच्या मापावर विसंबू नये. पुलीवरून दोरी फिरवून मोजावे.

विडर चालला, पण दुसऱ्याच दिवशी दांडा सोडलेला असताना पाती फिरत राहिली. पुतण्या समोर गवत उचलत होता. त्याच्या पायापासून पाते वीतभर अंतरावर आले असताना आम्ही इंजिन बंद केले. चूक आमचीच होती. पट्टा बसविताना आड येते म्हणून पुलीजवळची एक सळई आम्ही वाकवली होती. सैल झालेला पट्टा फिरत्या पुलीपासून अलग धरण्यासाठीच ती सळई असते. शिवाय केबलही गरजेपेक्षा जास्त आवळली होती. घसरणारा पट्टा फार तर काम अडवतो, न सुटणारा पट्टा पाय नेतो.

सळई सरळ केली. दांड्याला बोटभर ढील ठेवली. आता प्रत्येक वेळी चाके व पाती जमिनीपासून उचलून, दांडा सोडलेला ठेवून इंजिन सुरू करतो. काही फिरले नाही तरच शेतात नेतो. पट्ट्याचा क्रमांक झाकणाच्या आतून ऑइलपेंटने लिहून ठेवला आहे.