शुगर श्रीमंतांची, मग अंधत्व कोणाचे?

मधुमेह म्हणजे खाऊनपिऊन सुखी असलेल्यांचा रोग, अशी समजूत आपल्या वस्त्यांमध्ये आजही घट्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे १५ राज्यांतील निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हाच ही समजूत निकालात निघायला हवी होती. महाराष्ट्र, तामिळनाडू आणि चंदीगड येथील शहरी भागात श्रीमंतांपेक्षा गरिबांमध्ये मधुमेह अधिक आढळला. आम्हाला याचे नवल वाटत नाही. वडापाव आणि गोड चहावर पाळी काढणाऱ्या माणसाला कुठली पथ्ये आणि कुठला सकाळचा फेरफटका? २०२३ साली याच परिषदेने देशातील मधुमेहींचा आकडा दिला, तो १० कोटींच्या वर आहे.

आता या रोगाने डोळ्याचे काय होते ते पाहू. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की डोळ्याच्या मागच्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, झिरपू लागतात. पुढे तेथे नव्या, कच्च्या वाहिन्या फुटतात आणि डोळ्यात रक्तस्राव होतो. डोळा दुखत नाही, लालही होत नाही. सुरुवातीला नजरही चांगली असते. डोळ्यापुढे काळे ठिपके, जाळी दिसू लागली म्हणून माणूस दवाखाना गाठतो, तोवर बराच उशीर झालेला असतो. लेझर आणि डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांनी नुकसान थांबवता येते, पण लेझरने गेलेली नजर सहसा परत येत नाही.

हा रोग देशात किती आहे? केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दिल्लीच्या ‘एम्स’मधील डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्र केंद्राकडून २०१५ ते २०१९ या काळात २१ जिल्ह्यांत पाहणी करून घेतली. पन्नाशी ओलांडलेल्यांत ११.८ टक्के मधुमेही निघाले. त्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांचा पडदा बिघडलेला होता आणि ३.६ टक्के लोकांची नजरच धोक्यात होती. म्हणजे पन्नाशीपुढच्या हजार माणसांत ११८ मधुमेही, त्यांतले वीस जण पडद्याच्या रोगाचे आणि चार जण अंधत्वाच्या उंबरठ्यावर. हजारात चार म्हणजे फार नव्हेत, असे कोणी म्हणेल. त्याने आपल्या वस्तीतली माणसे मोजावीत, मग बोलावे.

याच पाहणीतली दुसरी बाब आम्हाला अधिक अस्वस्थ करते. ज्यांना आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊक होते, त्यांतील सुमारे ९० टक्के लोकांनी पडद्याची तपासणी कधीच केलेली नव्हती! आपल्याला शुगर आहे हेच ज्यांना माहीत नाही, त्यांची गोष्ट तर वेगळीच.

असे का झाले? अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, पण त्याची सारी मदार मोतीबिंदूवर राहिली. ते अगदीच चूक नव्हते. पन्नाशीपुढच्यांतील अंधत्वापैकी जवळपास दोन तृतीयांश मोतीबिंदूमुळे असते. परंतु मोतीबिंदू बॅटरीच्या उजेडातही कळतो, शस्त्रक्रियेने नजर परत येते आणि शिबिराच्या अहवालात आकडा झळकतो. पडदा पाहायचा तर थेंब टाकून बाहुली मोठी करावी लागते, वेळ जातो, पुढचे काही तास अंधुक दिसते. रोजंदारीवरच्या माणसाचा त्या दिवसाचा रोज बुडतो. हा रोज कोण भरून देणार, याचा विचार कोणत्या योजनेत आहे?

बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत त्यांची नजर अधू झाली होती. त्यांच्या जयंतीला आपल्या मंडळांची आरोग्य शिबिरे होतात, रक्तातील साखरही तपासतात. कागदावर आकडा लिहून माणसाला घरी पाठवले जाते. यापुढे ज्याची साखर जास्त निघेल त्याची पडद्याची तपासणी कोठे आणि कोणत्या दिवशी होईल, हे मंडळांनी जिल्हा रुग्णालयाशी आधी ठरवून घ्यावे. डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा प्राथमिक आरोग्य केंद्रात का नाही, हा प्रश्न आमदारांना जरूर विचारावा. आणि सरकारने पुढची पाहणी करताना नजर गमावणाऱ्यांचे काम काय, जात कोणती, हेही मोजून जाहीर करावे, ही आमची मागणी आहे.