तापलेला ब्रेक आणि शर्यतीची मोटार

बुलढाण्याहून मोताळ्याकडे जाताना राजूर घाट लागतो. काही वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात मी माझी जुनी मोटार घेऊन तो उतरत होतो. गाडी वरच्या गिअरमध्ये आणि पाय सारखा ब्रेकवर. अर्ध्या घाटात पेडल मऊ लागू लागले आणि पुढच्या वळणाआधी जवळजवळ तळाला टेकले. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी कशीबशी कडेला थांबली. अर्ध्या तासाने पाहतो तो ब्रेक पुन्हा पूर्वीसारखा! मिस्त्रीने एकच प्रश्न विचारला, "सर, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं?" पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या मला उत्तर देता आले नाही.

आपल्या जिल्ह्यात मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक नाही. पण कोइमतूर किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर हौसेने गाडी पळवणाऱ्यांनाही हाच प्रश्न आधी सोडवावा लागतो. जास्त शक्तीचे इंजिन महाग पडते. मात्र थोड्या पैशांत घरच्या घरी करता येण्याजोगे काही बदल आहेत आणि त्यांमागचे विज्ञान तुमच्या पाठ्यपुस्तकातलेच आहे.

वेग जातो कोठे?

१००० किलोग्रॅमची मोटार ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर वेगाने धावत आहे असे समजा. तिची गतिज ऊर्जा ½ × १००० × ३० × ३० = ४,५०,००० ज्यूल. ब्रेक लावला की ही ऊर्जा नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. एवढ्या उष्णतेने सव्वा लिटरहून अधिक पाणी उकळीपर्यंत तापेल. चारही ब्रेकचकत्यांचे मिळून २० किलोग्रॅम लोखंड धरले, तर एका थांब्यात त्यांचे तापमान सुमारे ४९ अंशांनी वाढेल. ट्रॅकवर दर फेरीत असे जोरदार ब्रेक कित्येकदा लागतात आणि मधल्या वेळात चकत्या पुरत्या निवत नाहीत.

घाटात वेग वाढत नाही, पण उंची कमी होते. हीच गाडी २०० मीटर खाली उतरली तर mgh प्रमाणे जवळजवळ २० लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ती सगळी ब्रेकवर टाकायची की काही भाग इंजिनाकडे सोपवायचा, हे गिअर ठरवतो.

पहिला बदल : ब्रेक ऑइल

ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. 'डॉट ३' प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरल्यावर मात्र १४० अंश एवढीच अपेक्षा धरलेली आहे. 'डॉट ४' साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. जुना द्रव उकळला की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. थंड झाल्यावर वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि ब्रेक परत येतो. माझ्या गाडीचे कोडे हेच होते! गाडीला चालणारे नवे ऑइल भरणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाचा बदल. समोरून येणारा वारा साध्या रबरी नळीने चकतीपर्यंत नेणे, हा दुसरा.

दुसरा बदल : वजन

स्टेपनी, जॅक व मागची बैठक काढून ५० किलोग्रॅम वजन कमी केले, तर त्याच वेगाला गतिज ऊर्जा ५ टक्क्यांनी घटते. ब्रेक तेवढाच कमी तापतो, इंजिनालाही हलके वाटते. वळणावर मात्र गंमत आहे. μmg = mv²/r या समीकरणातून वस्तुमान दोन्ही बाजूंनी उडून जाते! तरीही हलकी गाडी वळणावर थोडी सरस ठरते, कारण रबरावरचा भार वाढला की त्याचा घर्षणगुणांक किंचित कमी होतो.

तिसरा बदल : टायरमधली हवा

याला तर पैसाही लागत नाही. २७ अंशांला ३० पौंड हवा भरली आणि टायर ७७ अंशांपर्यंत तापला, तर? हवेचा बाहेरचा दाब १४.७ पौंड मिळवून ४४.७ ला निरपेक्ष तापमानांच्या गुणोत्तराने, म्हणजे ३५०/३०० ने गुणा आणि १४.७ पुन्हा वजा करा. उत्तर येते सुमारे ३७. दाब फार वाढला की टायर मधोमध फुगतो आणि रस्त्याला कमी टेकतो. म्हणून ट्रॅकवर सुरुवातीला हवा थोडी कमी ठेवून, टायर तापल्यावर पुन्हा मोजतात.

हीच युक्ती रस्त्यावर घातक आहे. मेहकर, सिंदखेड राजावरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर मैलोगणती एकाच वेगाने गाड्या धावतात. हवा कमी असेल तर टायरच्या बाजू सतत दुमडतात, आतून तापतात आणि टायर फुटू शकतो. तेथे उत्पादकाने सांगितलेला दाबच ठेवावा, तोही टायर थंड असताना मोजून. स्टेपनीही गाडीत असावीच.

आता तुमच्यासाठी एक प्रयोग. एका सायकलच्या टायरमधला दाब पहाटे मोजा आणि ती तासभर उन्हात उभी करून पुन्हा मोजा. दाबावरून आतल्या हवेचे तापमान काढा. आणि हेही सांगा : गाडीचा वेग दुप्पट केला, तर ब्रेकला किती पट उष्णता पोटात घ्यावी लागेल? उत्तर सापडले की घरातल्या गाडीवाल्यांना ते जरूर सांगा, आणि ब्रेक ऑइल कधी बदलले तेही विचारा.