एपिक्युरसचे सुख

‘एपिक्युरियन’ हा शब्द आज चविष्ट खाण्यापिण्याच्या शौकिनांसाठी वापरला जातो. ज्याच्या नावावरून तो आला, तो ग्रीक तत्त्वज्ञ मात्र पाव आणि पाण्यावर समाधानी असे. चीजचा तुकडा मिळाला की त्याची मेजवानी होई. इ.स.पू. 341 मध्ये सामोस बेटावर जन्मलेल्या एपिक्युरसने पुढे अथेन्समध्ये एक बाग घेऊन तिथे शिकवायला सुरुवात केली. स्त्रिया आणि गुलामही तिथे येत. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती.

सुख हेच जीवनाचे ध्येय, असे तो म्हणे खरा; पण त्याच्या लेखी सुख म्हणजे देहाला वेदना नसणे आणि मनाला भय नसणे. सर्वांत मोठे भय मृत्यूचे. आत्माही अणूंचाच बनलेला असतो, मरणानंतर ते अणू विखुरतात, मग दुःख भोगायला उरतो कोण, असा त्याचा युक्तिवाद. स्वतःच्या मरणाची भीती त्याने कदाचित जाईल. जिवलगांच्या वियोगाचे काय, हा प्रश्न मात्र राहतोच.

इ.स.पू. 270 मध्ये मूतखड्याच्या तीव्र वेदनांत त्याचा अंत झाला. अखेरच्या दिवसांतील पत्रात त्याने मित्राला कळवले, की आपल्या जुन्या संवादांच्या आठवणींचा आनंद या वेदनांना पुरून उरतो. त्याच पत्रात त्याने आणखी एक विनंती केली: आधीच निवर्तलेल्या मेट्रोडोरस या शिष्याच्या मुलांचा सांभाळ कर.