फडातली फळी आणि आपली जबाबदारी



सुरक्षितता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मिल आणि बॉयलर उभा राहतो. तिथली जबाबदारी कारखान्याची आहेच. फरशी, जिने व जाण्यायेण्याच्या वाटा यांवर पाय घसरेल असे काही राहू नये, हे १९४८ च्या कारखाने कायद्यात १९७६ साली दुरुस्ती करून स्पष्ट लिहिले गेले. पण फडात ना फरशी, ना जिना. तिथला जिना म्हणजे गाडीला लावलेली फळी. तिच्याविषयीच आम्हाला चार शब्द सांगायचे आहेत.

मोळी डोक्यावर असली की माणसाला स्वतःचे पाऊल दिसत नाही. हातही मोळीला गुंतलेले. तळव्याला चिखल, फळीवर पहाटेचे दव, त्यात पाचटाचे एखादे पान आले की पाय गेलाच म्हणून समजा. गाडी भरत जाते तशी फळी उभी होत जाते आणि गडीही थकत आलेला असतो; म्हणून शेवटच्या मोळ्या सर्वांत धोक्याच्या. सहा फूट चढायला नऊ फुटी फळी फार उभी पडते. बारा-तेरा फुटी मजबूत फळी मिळाली तर चढ बराच मोडतो. तिच्यावर फूटभर अंतराने आडव्या पट्ट्या ठोकाव्यात, वरचे टोक गाडीला दोराने बांधावे आणि चढण्याआधी पोत्याने पुसून घ्यावी. फळी टोळीची, ती मुकादमाने बघावी, असे काहीजण म्हणतात. म्हणोत बापडे! फळी टेकते ती आपल्याच रानात.

चिखलाचे तर सरळ आपल्याकडेच येते. वजन भरावे म्हणून तोडीच्या तोंडावर पाणी सोडायची सवय काही सुटत नाही. तोडणीआधी पंधरा-वीस दिवस, भारी काळ्या रानात त्याहून थोडे आधी, पाणी बंद करावे. ओल्या रानात पाय घसरतो, ट्रॉली रुतते आणि साखर उताराही घटतो. ठिबकच्या नळ्या गुंडाळून बांधाला ठेवाव्यात, नाहीतर मोळीखालच्या पायात त्या अडकतात. तोडणी जमिनीलगत करून घ्यावी. वर राहिलेल्या बुडख्याला ठेच लागते, आणि उसाचा गोड भागही रानातच राहतो. भरणीच्या वाटेवर पाट आडवा येत असेल तर त्यावर फरशी टाकावी. रात्री भरायची वेळ आलीच तर बांधावर एक दिवा हवा. अंधारात फळी चढायला लावणे आम्हाला मान्य नाही.

टोळीबरोबर लहान पोरे असतात, तेव्हा बिनकठड्याच्या विहिरीला निदान काटेरी फांद्यांचे कुंपण करावे. पोटुशी बाई मोळी वाहताना दिसली तर मुकादमाला बाजूला घेऊन समजवावे, तिला सावलीतले हलके काम द्यायला लावावे. पिण्याचे स्वच्छ पाणी फडावर ठेवावे.

कोणी पडलेच आणि मान किंवा पाठ दुखते म्हणाले, तर त्याला ओढून उठवू नये. आहे तसे पडू द्यावे, १०८ ला फोन करावा आणि गटाच्या शेतकी कर्मचाऱ्यास लगेच कळवावे.