खाडीचे पाणी कोणी नासवले?

खाडीचे पाणी काळे पडले की दोष कोणाचा, हे बहुधा पाणी तपासण्याआधीच ठरलेले असते. नाल्याच्या मुखाशी जी वस्ती असते, तिच्याकडे बोट दाखविले जाते. इतिहास शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांकडून साधनांची चिकित्सा करवून घेतो. पाण्याची साक्षही तशीच पारखून घ्यावी लागते. ती कोठे आणि केव्हा घेतली, यावर तिचे मोल ठरते.

ठाण्याची खाडी पाहू. पूर्वेस ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, पश्चिमेस मुंबईचे नाले आणि देवनारची कचराभूमी. मधल्या चिखलात फ्लेमिंगो उतरतात. २०२२ साली या खाडीस रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. नदीतील घाणीचा उगम प्रवाहाच्या वरच्या बाजूस शोधता येतो. खाडीत मात्र साधारण सव्वासहा तासांनी प्रवाह उलटतो आणि भरती खालची घाण वर लोटते. समुद्राचे पाणी मिसळल्याने ती विरळही भासते. म्हणून नाल्याच्या मुखाशी नमुना ओहोटीच्या अखेरीस घ्यावा आणि त्यासोबत क्षारता मोजावी, म्हणजे त्यात समुद्राचा वाटा किती ते कळते.

विष्ठेतील कोलिफॉर्म जिवाणू व अमोनिया अधिक आढळले, तर मैलापाण्याचा संशय बळावतो. घरगुती मैलापाण्यात सीओडी हा बीओडीच्या साधारण दुप्पट असतो. तो कित्येक पटींनी अधिक निघाला, तर जिवाणूंना सहज न पचणारी रसायने, म्हणजे बहुधा कारखान्याचे सांडपाणी, असे अनुमान करता येते. (खाऱ्या पाण्यातील क्लोराइड सीओडीची चाचणी फसविते, प्रयोगशाळेस नमुना खाडीचा असल्याचे आधीच सांगावे.)

परंतु कोलिफॉर्म ही विष्ठा असल्याचे सांगतो, कोणाची ते सांगत नाही. वस्ती नाल्याच्या शेपटाशी असते. वरच्या अंगाच्या इमारतींची गटारे त्याच नाल्यात उघडत असतील, तर सर्वांची घाण तिच्याच दारावरून वाहते. तेव्हा एक नमुना वस्तीच्या वर आणि एक खाली, असे दोन्ही एकाच ओहोटीत घेतल्यावाचून वस्तीवर ठपका ठेवणे हा न्याय नव्हे. वर आणि खाली आकडे जवळजवळ सारखेच आले, तर शोध वरच्या दिशेने, नाल्याला मिळणाऱ्या एकेका गटारापर्यंत न्यावा लागतो. हे काम कष्टाचे आहे. कदाचित म्हणूनच ते टाळले जाते. कोळी बांधवांना मात्र ते टाळता येत नाही, कारण जाळ्यात मासळी येईनाशी होते ती त्यांच्या.

रात्री सोडलेले सांडपाणी दिवसाच्या नमुन्यात सापडेलच असे नाही. अशा वेळी तळचा गाळ उपयोगी पडतो. पारा, शिसे यांसारखे जड धातू गाळाच्या बारीक कणांना चिकटून राहतात. नाल्याच्या मुखापासून ठरावीक अंतरांवर गाळ तपासला आणि मुखाकडे जाताना धातूंचे प्रमाण वाढत गेले, तर ते कोणत्या नाल्यातून आले याचा माग पाणी वाहून गेल्यानंतरही काढता येतो.